तराजू धरणारा नगराध्यक्ष



शेतकी खात्यातले आम्ही लोक एरवी बेणे, खताचे हप्ते आणि तोडणी यांवरच लिहितो. या खेपेस एका दुकानदाराची हकिगत सांगतो.

इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशायर हा शेतीचा मुलूख आहे. तिथे ऊस नाही, साखरेसाठी बीट पिकवतात. त्या भागातील ग्रँथम गावी आल्फ्रेड रॉबर्ट्स हे किराणा दुकानदार होते. जन्म १८९२ चा, वडील जोडे शिवणारे. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि शिक्षक व्हायची इच्छा मनातच राहिली. दुकानात नोकरी केली. १९१७ साली लग्न झाले. पत्नी शिवणकाम करणारी. दोघांनी काटकसर करून पैसा जमवला आणि १९१९ साली स्वतःचे दुकान घेतले.

बिऱ्हाड दुकानाच्या माडीवर. नळाला गरम पाणी नाही, संडास घराबाहेर. साखर पोत्यांतून येई, ती तोलून पुड्यांत भरायची. या कामाला घरच्या लेकीही हात लावीत. शाळा सुटली तरी रॉबर्ट्स यांनी वाचन सोडले नाही. लायब्ररीची पुस्तके घरात कायम असत.

१९२७ साली ते अपक्ष म्हणून नगरपालिकेत गेले. हिशेबाला पक्का माणूस, म्हणून अर्थ समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४३ साली ते ‘आल्डरमन’ झाले. आल्डरमन म्हणजे नगरसेवकांनीच निवडलेला ज्येष्ठ सभासद. १९४५-४६ साली ते नगराध्यक्ष झाले. महायुद्ध नुकतेच संपले होते. साखर रेशनवर होती, आणि ते रेशन तिकडे १९५३ पर्यंत चालले.

पुढे वारे फिरले. नगरपालिकेत दुसऱ्या पक्षाचे बहुमत झाले आणि १९५२ साली मतदान होऊन रॉबर्ट्स यांचे आल्डरमनपद गेले. पंचवीस वर्षांची सेवा एका बैठकीत संपली. पण त्यांनी आदळआपट केली नाही. मानाने अंगावर घेतलेला झगा मानानेच उतरवतो, अशा अर्थाचे दोन शब्द बोलून ते बाहेर पडले. दुःख झाले नसेल असे नाही. त्यांची धाकटी लेक मार्गारेट थॅचर १९७९ साली इंग्लंडची पंतप्रधान झाली. १९८५ साली दूरदर्शनवरील मुलाखतीत हा प्रसंग सांगताना त्या बाईंच्याही डोळ्यांत पाणी आले. लेक पंतप्रधान झालेली मात्र बापाने पाहिली नाही. ते १९७० सालीच वारले होते.

आता हे आपल्याला कशाला, असे कुणी विचारील. आम्ही नोकर माणसे, निवडणुकीवर बोलणे आमचे काम नव्हे. पण शिवारात फिरताना दिसते ते सांगतो. पॅनेल वेगळे झाले म्हणून एका विहिरीवरच्या दोन भावांनी पाणीपाळी मोडलेली आम्ही पाहिली. मते मोजून झाली, गुलाल उधळला गेला. पण धाकट्याची लागण करपली ती करपलीच. त्या उसाला कुठले पॅनेल होते?

खुर्ची आज आहे, उद्या नाही. विहीर आणि भाऊ मात्र तिथेच राहणार. तेव्हा मंडळी, मत ज्याला द्यायचे त्याला द्या, पण दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी चुकवू नका.