गाळात उन्हाळा काढणारे कासव

वैशाखात गावतळे आटून तळाला भेगा पडल्या, की तेथील कासवे नाहीशी होतात आणि पावसाळ्यात पाणी भरताच पुन्हा दिसू लागतात. ती पुराबरोबर वाहून येतात, असा अनेकांचा समज असतो. काही कासवे पाण्याच्या शोधात दूरवर चालत जातात, हे खरे. परंतु कित्येक त्याच तळ्याच्या गाळात निपचित पडून असतात.

तळी, कालवे व भातखाचरे यांत आढळणारे हे मऊ पाठीचे कासव होय. शास्त्रज्ञ त्यास लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. कासवाची पाठ म्हणताच कठीण खवल्यांची फरसबंदी डोळ्यांपुढे येते. याच्या हाडांच्या ढालीवर मात्र चामड्यासारखी गुळगुळीत कातडी असते. पाठीची लांबी बहुधा २५ सेंटीमीटरांच्या आसपास भरते. नाक नळीसारखे पुढे आलेले असल्यामुळे अंग पाण्यात ठेवून केवळ नाकपुड्या वर काढता येतात.

खरी करामत पोटाच्या बाजूस आहे. मान व पुढचे पाय आत घेतले, की पोटाच्या ढालीचा पुढचा भाग दार लोटावे तसा मिटतो. मागील बाजूस कातडीच्या दोन झडपा असून आत ओढलेले मागचे पाय त्यांखाली झाकले जातात. अमेरिकेच्या पूर्व भागातील पेटी-कासवाच्या पोटावर बिजागरी असते व ते पेटीप्रमाणे पूर्ण बंद होते; पण ते जमिनीवर राहणारे. मऊ पाठीच्या कासवांत असा बंदोबस्त थोड्यांनाच लाभला आहे.

पाणी आटू लागले म्हणजे हे कासव गाळात शिरते. खाणे व हालचाल थांबते, शरीराचे व्यापार मंदावतात आणि साठविलेल्या चरबीवर ते दिवस काढते. नेमक्या याच दिवसांत तळ्यांचा गाळ उपसला जातो. महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यापासून हे काम यंत्रांनी झपाट्याने होऊ लागले. गाळ शेताला हवाच. पण यंत्राच्या बादलीला ढेकूळ आणि कासव यांतील भेद कळत नाही. यास्तव, ओल टिकून असलेल्या खोलगट जागी उपसा सावकाश करावा व तेथे एक माणूस लक्ष ठेवण्यास उभा करावा.

हे कासव मासे खाते, ही मत्स्यपालकांची तक्रार खोटी नाही. परंतु गोगलगायी, किडे आणि मेलेले, कुजके मांसही तेच खाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने त्यास मारणे, विकणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे.

गाळात कासव सापडल्यास वनरक्षकास कळवावे. यंत्रापुढून उचलणे भागच पडले, तर पाठीच्या मागच्या कडेस दोन्ही हातांनी धरावे. मान लांब असल्याने पुढून धरणाऱ्यास ते चावते. त्याच तळ्याच्या न उपसलेल्या, ओलसर भागात त्यास सोडावे. पाणी स्वच्छ राहील म्हणून विहिरीत टाकण्याची चाल आहे, ती मात्र चुकीची. अंडी जमिनीत पुरण्यासाठी मादीस काठावर यावे लागते, आणि बांधीव विहिरीतून तिला वर येता येत नाही.