वसतिगृहातील विद्यार्थ्यांनो, ऑनलाइन शिक्षण आणि मतदार नोंदणी दोन्ही वेळेत करा

आपण घरापासून दूर राहून महाविद्यालयात शिकत असाल, तर पुढील दोन सुविधा आपल्यासाठी आहेत. दोन्हींची सुरुवात मोबाइलवरून करता येते.

१. स्वयम : श्रेयांक मिळवण्यासाठी

केंद्र सरकारचे 'स्वयम' संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झाले. येथे व्हिडिओ व्याख्याने, वाचन साहित्य, स्वाध्याय आणि शंका विचारण्याची सोय विनाशुल्क आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करून शुल्क भरावे लागते. केवळ व्याख्याने पाहून प्रमाणपत्र मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेण्यास संस्था परवानगी देऊ शकते. म्हणून अभ्यासक्रम निवडण्याआधी विभागप्रमुखांना विचारा : हा विषय मान्य आहे का? श्रेयांक किती? शक्यतो लेखी उत्तर घ्या. परवानगी न घेतल्यास परीक्षा उत्तीर्ण होऊनही श्रेयांक पदवीत धरले न जाण्याची शक्यता असते.

२. मतदार नोंदणी : कोणत्या पत्त्यावर?

पूर्णवेळ शिक्षणासाठी वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावच्या घरी किंवा शिकण्याच्या ठिकाणी, यांपैकी एकाच पत्त्यावर नाव नोंदवता येते. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला धरून नाही. शिकण्याच्या ठिकाणी नोंदणी करायची असल्यास अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा. सोबत प्राचार्य किंवा कुलसचिव यांचे प्रमाणपत्र जोडावे.

पहिल्यांदा नाव नोंदवताना नमुना ६ भरा. यासाठी शुल्क नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांपैकी ज्या दिवशी आपले वय १८ पूर्ण झालेले असेल, त्या दिनांकानुसार नाव घेतले जाते. १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. नाव आधीच गावच्या यादीत असेल आणि ते हलवायचे असेल, तर नमुना ८ भरा.

मदतीसाठी १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करा किंवा आपल्या भागातील बीएलओंना भेटा. अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. मतदानाच्या दिवसाची वाट न पाहता, यादीत आपले नाव आले आहे का, हे आधीच तपासा.