नदीकाठचे ऊन पाणी

उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे अशी एकमेकांशी नाते सांगणारी गावांची नावे कोकणात ठिकठिकाणी आढळतात. संस्कृतातील ‘उष्ण’ हा शब्द प्राकृतातील ‘उण्ह’ या रूपातून मराठीत ‘ऊन’ झाला आणि ऊन पाणी, ऊनऊन भात अशा बोलण्यात तो आजही टिकून आहे. या गावांच्या नावांतही तोच शब्द दडलेला आहे. नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या वनप्रदेशातील उनकेश्वर आणि जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव ही नावेही याच कुळातील आहेत. भूशास्त्रज्ञांनी या झऱ्यांची मोजदाद करण्याच्या कितीतरी आधी, जमिनीतून आपोआप गरम पाणी कोठे येते याची नोंद लोकांनी गावाच्या नावातच करून ठेवली होती.

पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात, सुमारे १८ ठिकाणी असे ६०च्या आसपास झरे नोंदले गेले आहेत. त्यांच्या पाण्याचे तापमान साधारणपणे ३४ ते ७१ अंश सेल्सिअस या दरम्यान असून, दापोली–खेड परिसरातील उन्हवरे येथील पाणी सर्वाधिक उष्ण पाण्यांत मोडते. नकाशावर ही ठिकाणे जोडत गेल्यास किनाऱ्याला जवळपास समांतर अशी एक रेषा उमटते, आणि झऱ्यांचे कोडे उलगडण्याची सुरुवात या रेषेपासूनच होते.

गरम झरा म्हटला की ज्वालामुखी आठवतो, परंतु कोकणातील झऱ्यांना उष्णता पुरवणारा जागृत ज्वालामुखी जवळपास कोठेही नाही. येथील काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला हे खरे असले, तरी ती घटना सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची असून त्या लाव्ह्याची धग केव्हाच निवली आहे. आजची उष्णता पृथ्वीच्या पोटातील आहे. जमिनीत खोल जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते आणि या वाढीला भूऔष्णिक प्रवणता असे म्हणतात. सह्याद्रीवर आणि त्याच्या उतारांवर पडणाऱ्या पावसाचा काही अंश कातळातील भेगांमधून खाली झिरपतो, खोलवर तापतो आणि तापल्यामुळे हलका होऊन, तसेच उंचावरील पाण्याच्या दाबामुळे, दुसऱ्या भेगेवाटे वर येतो. पृष्ठभागाजवळचे पाणी २७ अंशांचे धरले, तर ७० अंशांपर्यंत तापण्यासाठी त्याला किमान दीड किलोमीटर खोल उतरावे लागते, असा साधा हिशेब मांडता येतो. वर येताना ते काहीसे निवते हे लक्षात घेतल्यास प्रत्यक्ष खोली त्याहून अधिकच ठरते.

हे झरे बहुधा नदीकाठीच का सापडतात, याचे उत्तरही या प्रवासातच आहे. पश्चिम किनारा घडत असताना कातळाला उभ्या भेगा आणि भ्रंश पडले. भ्रंश म्हणजे ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांच्या तुलनेत सरकलेला आहे अशी भेग. नद्यांनी पुष्कळदा याच दुबळ्या रेषा धरून आपली पात्रे कोरली, त्यामुळे खोऱ्याचा तळ ही परिसरातील सर्वांत खोलगट जागा आणि भेगेचे तोंड ही दोन्ही एकाच ठिकाणी आली, आणि खालून वर येणाऱ्या पाण्याला बाहेर पडण्यास तीच वाट सर्वांत सोपी ठरली. पालीजवळ अंबा नदीच्या खोऱ्यात उन्हेरे, महाडजवळ सावित्रीच्या काठी सव आणि राजापूरजवळ अर्जुना नदीकाठी उन्हाळे ही याची ठळक उदाहरणे होत.

मुंबई-ठाण्याच्या वाचकांना सर्वांत परिचित असलेला समूह तानसा नदीच्या खोऱ्यातील आहे. मुंबईला १८९२पासून पाणी पुरवणारा तानसा तलाव आणि त्याभोवतीचे जंगल वरच्या अंगाला सोडून ही नदी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या गावांच्या परिसरात येते. येथे काठावर दगडी बांधणीची कुंडे आहेत, शिवाय पात्रातही गरम पाणी फुटते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ते स्पष्ट दिसते. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला आणि १७३९मधील विजयानंतर देवीचे मंदिर उभारले गेले, अशी परंपरा आहे. बहुतेक झऱ्यांजवळ देवालय आढळते. देवाच्या निमित्ताने पाण्याला पावित्र्य लाभले आणि पावित्र्यामुळे झऱ्याच्या तोंडाची निगा राखली गेली.

कुंडाच्या तळातून येणारे बुडबुडे पाणी उकळत असल्याचे लक्षण नव्हेत. खोलवरच्या दाबाखाली पाण्यात विरघळलेले वायू दाब कमी होताच सुटे होतात. काही ठिकाणी येणारा उग्र वास गंधकयुक्त वायूचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तप्त खडकातून फिरताना पाण्यात क्षार विरघळतात आणि त्यामुळे ते चवीला मचूळ लागते. अशा स्नानाने स्नायू सैलावतात आणि सांध्यांना तात्पुरता आराम पडतो, हे उष्णतेच्या परिणामावरून समजण्यासारखे आहे. मात्र असे स्नान कोणत्याही आजारावरील उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

भेट देण्यासाठी हिवाळा सर्वांत सोयीचा, कारण पावसाळ्यात नदीला पूर येऊन काठावरील कुंडे पाण्याखाली जाऊ शकतात आणि पात्रात उतरणे जिवावर बेतू शकते. कुंडात उतरण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घेणे आवश्यक असते, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा गंभीरपणे भाजते. सोसवेल अशा पाण्यातही दहा-पंधरा मिनिटांहून अधिक काळ बसू नये, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येऊ शकते. गर्भवती स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असा संसर्ग अत्यंत विरळा असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो, म्हणून डोके पाण्याखाली न नेणे हाच सुज्ञपणा होय.

झऱ्याला खालून पाणी मिळते ते वरच्या उतारांवर मुरणाऱ्या पावसाचे, आणि ते मुरण्यासाठी त्या उतारांवरील माती आणि झाडोरा शाबूत असावा लागतो. कुंडाला सिमेंटचा घाट बांधणे, दिवे लावणे एवढ्याने झरा जपला जात नाही. भेगेच्या तोंडाशी केलेले अविचारी खोदकाम किंवा भराव त्याची वाट बुजवूही शकतो. म्हणून येथे येणाऱ्याने साबण, कपडे आणि प्लास्टिक कुंडापासून दूर ठेवावे, आणि स्नान आटोपल्यावर एकदा मान वर करून त्या पाण्याचा उगम असलेला डोंगर पाहावा.