सिकलसेल: रिपोर्ट सुधारला, कळा थांबेनात

गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल हे नाव कुणाला सांगावं लागत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. त्या पेशी आतून कोरड्याही पडतात, हे मात्र फारसं बोललं जात नाही. कित्येक वर्षं संशोधकांची नजर होती ती नेमकी तिथं.

सदोष हिमोग्लोबिनचे दांडे जमले की पेशीच्या आवरणावर ताण येतो आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. त्यासरशी पोटॅशियमचं एक दार उघडतं. हंगेरीच्या ग्योर्गी गार्दोश यांनी १९५८ मध्ये हा परिणाम दाखवला, म्हणून तो ‘गार्दोश चॅनल’. पोटॅशियमपाठोपाठ क्लोराइड जातं, पाणीही जातं. उरलेलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि आटलेला पाक धरावा तसे दांडे झपाट्याने धरतात.

मग बीपीचे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर का नकोत? अ‍ॅम्लोडिपिन तर घरोघरी असते! पण ती गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधल्या वेगळ्याच वाटेवर काम करते. त्याच कुळातल्या निट्रेन्डिपिनने १९९२ मध्ये प्रयोगशाळेत गार्दोश चॅनल रोखून दाखवला खरा. औषधाचा माग मात्र लागला तो नायट्याच्या मलमातल्या क्लोट्रिमॅझोलवरून. बोस्टनच्या कार्लो ब्रुग्नारा यांच्या गटाने ते पाच रुग्णांना पोटातून दिलं. पेशींतलं पाणी टिकलं, पण लघवीला जळजळ सुरू झाली आणि दोघांच्या यकृताच्या चाचण्या बिघडल्या.

त्यातून पुढे सेनिकापॉक आलं. मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढलं, पेशी फुटणं कमी झालं. कळांचे झटके मात्र कमी होईनात, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. निकाल २०११ मध्ये छापून आला. पेशी जास्त टिकल्याने रक्तच दाटलं असावं, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. हिमोग्लोबिन वाढवणारं व्हॉक्सेलोटॉरही २०२४ मध्ये कंपनीने बाजारातून मागे घेतलं. नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर औषध पास करणं, हे घाईचंच काम.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने मात्र १९९५ च्या चाचणीत झटके जवळपास निम्म्यावर आणले होते. घरात कुणाला ते सुरू असेल तर मध्येच सोडू नका, रक्ततपासणी चुकवू नका. आणि सिकलसेलसाठी म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.