उलटं कोरा, सुलटं उमटवा

बालमित्रांनो, हा लेख वाचण्याआधी एक गंमत करून पाहा. कागदावर आपलं नाव असं लिहा, की ते आरशात धरल्यावर सरळ वाचता आलं पाहिजे. म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि प्रत्येक अक्षरही फिरवायचं. 'क'चा गोल कुठल्या बाजूला घ्यायचा आणि पहिली वेलांटी कुठे वळवायची, इथेच भलेभले अडतात. मोठ्या माणसांनाही बसवा लिहायला, घरात चांगली करमणूक होईल!

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी मी सातवीच्या मुलांना छापचित्र शिकवते. पहिल्या तासाला हाच खेळ असतो. एकदा सगळा वर्ग पेन्सिल चावत बसला होता आणि एका मुलीने आरसा न घेता आपलं नाव, आडनाव, वर गावाचं नावसुद्धा उलटं लिहून दाखवलं! विचारलं तर म्हणाली, "बाई, आमच्या घरी डायचं काम आहे ना!"

"म्हणजे बाबा चित्रकार आहेत तुझे."

"छे हो बाई! त्यांना कुठे चित्रकला येते? ते नुसते डाय करतात."

हे 'नुसते' मला फार लागलं. आमच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, चिंचणी, तारापूर, वरोर, वाढवण या भागात डाय करणं हा घरोघरी चालणारा धंदा आहे. सोनाराकडच्या दागिन्यावर पान, फूल, मोर, कोयरी उठून दिसते ना? ती बऱ्याचदा अशा डायवर घडते. धातूच्या तुकड्यात नक्षी खोलगट आणि उलटी कोरलेली असते. त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकला, की नक्षी पत्र्यावर सुलटी आणि उठावदार येते.

मुलांना घेऊन आम्ही अशा एका कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे घराच्या पडवीतलं एक टेबल, दिवा, भिंग आणि पंधरा-वीस बारीक छिन्न्या! कारागीर दोनचार ठोके मारत आणि मेणाचा गोळा दाबून ठसा कसा उमटतो ते बघत. मोराचा डोळा खसखशीच्या दाण्याएवढा होता. एका मुलाने विचारलं, "काका, चुकलं तर खोडता कसं?" काका हसले आणि म्हणाले, "खोडत नाही बाबा. पुन्हा नवा तुकडा घ्यायचा." वर्गात वारंवार खोडरबर मागणारी मंडळी त्यावर अगदी गप्प झाली.

आता संगणकावर चालणारी यंत्रंही डाय कोरतात. शिवाय बोईसरची औद्योगिक वसाहत जवळच आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलाला महिन्याच्या पगाराची नोकरी बरी वाटते, आणि त्यात त्याचं काय चुकलं? पण आपल्या बापाच्या हातात कोणती विद्या आहे, हे तरी त्याला ठाऊक असावं, असं मला वाटतं.

कारण ही विद्या आणि छापचित्रकला सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत एकदा उलटं कोरायचं आणि अनेकदा सुलटं उमटवायचं. पेशवाईच्या अखेरीस, नाना फडणवीसांच्या काळात, पुण्यातल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवण्यात आलं. भगवद्गीता छापायची, असा बेत होता. १८०० साली नाना वारले आणि काम अडलं. ते पुरं झालं मिरजेला, पटवर्धनांच्या आश्रयाने, १८०५ साली. विचार करा, गीतेचे सातशे श्लोक, आणि अक्षर न् अक्षर उलटं! पुढे १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं. तिथे तांब्याच्या जागी गुळगुळीत दगड आला.

चित्रांचंही तसंच. १९३० साली गांधीजी मिठाचा कायदा मोडायला दांडीला निघाले, तेव्हा शांतिनिकेतनात कलेचे शिक्षक असलेल्या नंदलाल बोस यांनी काठी घेऊन चालणारे बापू लिनोलियमवर कोरले. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, बस्स! भिंतीवरचं आपलं वारली चित्र त्या एका भिंतीचंच राहतं. लिनोच्या एका तुकड्यावरून मात्र अनेक घरांत चित्र जाऊ शकतं.

आता तुम्ही करून बघा. लहानांनी भेंडी आडवी कापावी, पोस्टर कलर लावून कागदावर दाबावी. तयार फूल मिळतं. मोठ्यांनी जुनं, सपाट खोडरबर घ्यावं. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, तो कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरेल. जो भाग पांढरा हवा, तेवढाच कोरून काढा. हात नेहमी पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीही नाही. पालकांनो, या वेळी तुम्ही शेजारी बसा, पण पातं आपल्या हातात घेऊन चित्र पुरं करून देऊ नका! मग शिक्क्याच्या पॅडवर रबर टेकवा आणि कागदावर उमटवा. इथे रबराचा उंच भाग शाई घेतो. तांब्याच्या कोरीव पत्र्यावर याच्या नेमकं उलट असतं. शाई खाचांत भरतात, वरची पुसून टाकतात आणि दाब देऊन ओलसर कागदावर ओढून घेतात.

पहिला ठसा बहुतेक फसतो. कुठे शाई जास्त होते, कुठे रेघ बुजते. तो फेकू नका. त्याच्याकडे बघूनच पुढचं कोरायचं असतं. डायवाले काका मेण दाबून बघत होते, ते यासाठीच.

मनासारखे दहा ठसे निघाले, की प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घाला : १/१०, २/१०, ३/१०... म्हणजे दहांपैकी पहिला, दहांपैकी दुसरा. उजव्या कोपऱ्यात सही करा. सही मात्र सुलटी हं!