सायकलीला रस्ता हवा

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आपण सर्वच पुणेकर इतक्या वेळा उच्चारतो की त्यातील ‘होते’ या क्रियापदाची लाजही आता आपणांस वाटेनाशी झाली आहे. हँडलला डब्याची पिशवी अडकवून खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे निघालेले कामगार, आणि दिव्याविना पोलिसाच्या हाती सापडलेले डबलसीट विद्यार्थी, हे चित्र कोणाच्या शापाने लोपलेले नाही. स्कूटर हाती आली, शहर टेकड्यांपलीकडे पसरले, बस अपुरी पडली. आणि रस्ता रुंद झाला तो दर वेळी मोटारीसाठीच.

महानगरपालिका स्वस्थ बसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ साली कात्रज, स्वारगेट, हडपसर या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्ग आखला गेला, तेव्हा कडेने सायकलमार्गही बांधण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये तर सुमारे ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडाच संमत झाला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या, आणि दोनएक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. त्यांनी चालावे कोठून, याचा निर्णय आधी व्हावयास हवा होता.

आजचा सायकलमार्ग शंभर पावले चालतो. पुढे विजेचा खांब, भाजीची हातगाडी, उभी मोटार. आणि चौक आला की, म्हणजे जेथे खरा धोका असतो नेमका तेथे, तो संपतो. असे तुकडे कितीही किलोमीटर बांधले तरी कोणती आई मुलीला सायकलवर शाळेत धाडील?

स्पेनमधील सेव्हिल शहरात २००६ च्या सुमारास सायकलीवरील प्रवास शेकडा एकही नव्हते. तेथे थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचे अखंड जाळे उभारले गेले, आणि काही वर्षांत ते प्रमाण शेकडा सहाच्या घरात गेले. उन्हाची सबब सांगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की सेव्हिलचा जुलै आपल्या वैशाखाला हार जाणारा नव्हे. मात्र तेथे जागा मिळाली ती बव्हंशी मोटारी उभ्या करण्याच्या पट्ट्यांतून. आपल्याकडे २०१८ साली रस्त्यावर मोटार उभी करण्यास दर लावण्याचे नुसते धोरण पुढे आले, तर केवढा गहजब उडाला!

सायकल हा हौशी मंडळींचा पहाटेचा व्यायाम आहे, असा एक समज दृढ होत चालला आहे. रात्रपाळी करून परतणारा पहारेकरी आणि बांधकामावर जाणारा मजूर व्यायामासाठी पॅडल मारीत नाहीत. ज्या रस्त्याच्या कडेला एक मोटार दिवसभर फुकट उभी राहते, त्याच रस्त्यावर त्यांनी ट्रकच्या चाकाशेजारून वाट काढावी, ही व्यवस्था आम्हास तरी न्याय्य वाटत नाही. पालिकेने ८२४ किलोमीटरचे स्वप्न तूर्त बाजूस ठेवावे आणि येत्या अंदाजपत्रकात एकच रस्ता टोकापासून टोकापर्यंत, चौकांसह, सायकलीसाठी मोकळा करावा. आणि त्यावर उभी राहणारी मोटार, मग ती कोणा नगरसेवकाची का असेना, उचलून न्यावी.