पहारेकऱ्याला शिकविताना

नागपूरकर श्रोत्यांना कर्करोगाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली याच व्याधीने गेले, आणि त्यांचे नाव धारण करणारे कर्करोग रुग्णालय आपल्याच शहरात आहे. आज मात्र मी रुग्णालयाविषयी बोलणार नसून, मुंबईस पवई येथील प्रयोगशाळेत चाललेल्या एका उद्योगाविषयी बोलणार आहे.

आपल्या रक्तात टी पेशी नावाचे पहारेकरी असतात. बाहेरून आलेला शत्रू ते चटकन ओळखतात. परंतु कर्करोगाची पेशी ही घरचीच बिघडलेली पेशी, आणि घरच्या वेषातला चोर कोण ओळखणार? यावर उपाय असा निघाला की, रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढाव्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हस्ते त्यांत एक नवे जनुक घालावे, आणि चोराची खूण त्यांस शिकवावी. रक्ताच्या काही कर्करोगांत ही खूण म्हणजे सीडी-१९ हे प्रथिन होय. निरोगी बी पेशींवरही तीच खूण असल्याने त्याही बिचाऱ्या मारल्या जातात. पण त्यांवाचून काही काळ निभावता येते.

खरी अडचण निराळीच आहे. अमेरिकेत २०१२ साली एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीस अशा पेशी दिल्या, तेव्हा त्या इतक्या त्वेषाने लढल्या की ज्वराने ती मरणाच्या दारी पोहोचली. ती वाचली व रोगमुक्त झाली, हे खरे. तथापि चोर धरताना घरच पेटविणारा पहारेकरी कोणास हवा?

आय. आय. टी. मुंबईचे डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी याच प्रश्नाच्या मागे लागले. खूण ओळखणारा भाग पूर्वी उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेला असे; तो त्यांनी मानवी घडणीच्या जवळ आणला. अशा पेशी रोग तर मारतात, पण दाह भडकविणारी द्रव्ये कमी सोडतात, असे चाचण्यांत दिसले. ४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील रुग्णालयात हा उपचार प्रथम झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ज्यांचा परिणाम मोजता आला अशा रुग्णांपैकी शेकडा ७३ जणांस गुण आला. सर्वांचा गुण टिकला नाही, आणि काहींना उपचाराचाच त्रास झाला, हेही सांगितले पाहिजे. परदेशात यास कोट्यवधी रुपये लागतात. येथे तो खर्च काही लाखांवर आला, पण मध्यमवर्गीय घरास तेही घर विकण्याइतकेच.

आता संशोधकाचा दिवस कसा जातो, हे सांगतो. पेशी ३७ अंश उष्णतेच्या पेटीत वाढतात, आणि त्यांना रविवार ठाऊक नसतो. कोणी तरी येऊन त्यांचे अन्नद्रव्य बदलावेच लागते. हातमोजे चढवावे, निर्जंतुक हवेच्या झोताखाली बसावे, सूक्ष्मदर्शकातून पाहावे, मोजावे, नोंदवावे, पुन्हा तेच. एक जंतू आत शिरला तर सारी कुपी फुकट. बाजारातले औषध खराब झाले तर दुसरी बाटली आणता येते. येथे प्रत्येक पिशवीवर एकाच माणसाचे नाव असते, आणि ज्याचे ते नाव, त्याच्या क्षीण रक्तातून पुन्हा पेशी मिळतीलच असे नाही.